खरखरीमागचा आवाज

गेल्या उन्हाळ्यात कराडला मावशीकडे गेलो होतो, तेव्हा एका दुपारी मी फोनवर एक जुने गाणे लावून बसलो होतो आणि मावशी समोर सुपात तूरडाळ घेऊन निवडत होती. गाणे इंग्रजी, तेही अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातल्या बोलीतले, १९२७ सालचे. सुरुवातीला नुसती खरखर, मग गिटार आणि मग एका बाईचा जाडसर, सरळ आवाज. मावशीचे इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरते. दोन कडवी होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग मान वर न करता म्हणाली, "ही बाई काम करता करता गातीय काय रे?"

मी म्हटले, "नाही गं, टोप्यांच्या एका कंपनीच्या माडीवर उभी राहून गातेय."

"असंल," असे म्हणून तिने डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या अशा जुन्या गाण्यांची, म्हणजे कंट्री संगीताची, मला गेली पंधरा-सोळा वर्षे ओढ आहे आणि ती कशापायी, हे मला कुणाला नीट सांगता आलेले नाही. स्मरणरंजन म्हणावे, तर आठवणीच नाहीत. मक्याची शेते, लाकडी चर्च, दगडी कोळशाच्या खाणी, रात्री दरीतून जाणारी मालगाडी यांपैकी काहीही माझ्या लहानपणात नव्हते. आमच्याकडे होता तो आजोबांचा चावीचा फोनो आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेल्या नाट्यपदांच्या तबकड्या. मित्र म्हणतात, जुने ते सोने, एवढेच तुझे म्हणणे आहे. तेही खरे नव्हे, कारण त्या काळातली कितीतरी गाणी मला ऐकवत नाहीत. मावशीच्या त्या एका प्रश्नाने मात्र मी बराच काळ ज्याच्या भोवती घुटमळत होतो, त्याच्या जवळ जाऊन पोचलो.

त्या माडीपासून सुरुवात करतो. ब्रिस्टल हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत वाटले गेले आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या, स्टेट स्ट्रीटच्या, मधोमध राज्यांची हद्द जाते, म्हणजे एका बाजूच्या दुकानातून समोरच्या दुकानात गेले की राज्य बदलते. १९२७ सालच्या जुलैअखेरीस व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीच्या वतीने राल्फ पीअर नावाचा गृहस्थ दोन तंत्रज्ञांना घेऊन येथे आला आणि टेनेसीच्या बाजूला टोप्या व हातमोजे विकणाऱ्या एका कंपनीच्या इमारतीतली वरची जागा घेऊन तिच्या भिंतींना त्याने घोंगड्या टांगल्या. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात १९ गायक आणि संचांची ७६ गाणी येथे मुद्रित झाली. दर गाण्याला ५० डॉलर रोख आणि खपावर काही सेंटांची रॉयल्टी, असा व्यवहार होता. पहिले काही दिवस गर्दी बेताचीच होती. मग स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, की अर्नेस्ट स्टोनमन या याच भागातल्या गायकाला आदल्या वर्षी तबकड्यांपायी ३,६०० डॉलर मिळाले. आणि त्यानंतर डोंगरातून माणसे बसने, घोडागाडीने, पायी येऊ लागली. कलेच्या इतिहासात ही बाब सहसा दबक्या आवाजात सांगतात. मला ती आवडते. ज्यांच्या हाताला वर्षाकाठी रोख पैसा फारसा लागत नव्हता, अशा लोकांनी ही गाणी गायली आहेत, आणि त्या पैशाची गरज त्यांच्या आवाजात कोठेतरी असणारच.

१ ऑगस्टला आलेल्यांत कार्टर कुटुंब होते. ए. पी. कार्टर हा फळझाडांची रोपे विकत गावोगाव फिरणारा उंच, अस्वस्थ माणूस. त्याची बायको सेरा, मावशीने ऐकला तो आवाज हिचाच. आणि मेबेल, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची अठरा वर्षांची बायको, जिला आठवा महिना लागलेला होता. सेरा आणि मेबेल नात्याने बहिणी होत्याच, शिवाय जावाही. व्हर्जिनियातल्या पुअर व्हॅली नावाच्या खोऱ्यात मेसेस स्प्रिंग हे त्यांचे गाव. (दरिद्री खोरे असे नाव लोकांनी आपल्याच जागेला द्यावे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहावे, याचे मला नेहमी नवल वाटते.) भावाची मोटार मिळावी म्हणून ए. पी.ने त्याच्या मक्याची खुरपणी करून देण्याचे कबूल केले, असे सांगतात. पंचवीस-तीस मैलांच्या त्या वाटेला, मोडक्या रस्त्यापायी आणि पंक्चरांपायी, त्यांचा जवळजवळ सगळा दिवस गेला. बरोबर सेराचे अंगावर पिणारे मूल होते आणि त्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी ग्लॅडिस.

या गाण्यांच्या परिणामाची अर्धी कारणे त्या माडीवरच्या यंत्रात आहेत. आवाज कोरला जाई तो मेणाच्या जाड चकतीवर. ती चकती एकाच गतीने फिरावी म्हणून जुन्या लंबकाच्या घड्याळासारखे एक जड वजन टांगलेले असे. ते हळूहळू खाली उतरे आणि त्याच्या ओढीने चकती फिरे. कोरलेले मेण वाजवून पाहायची सोय नव्हती, कारण सुई फिरवली की खाचा बिघडत. म्हणून एकेक गाणे दोनदा गाऊन घेत आणि मेणे कारखान्याकडे रवाना करत. गाणारा माणूस आपण काय गायलो हे न ऐकताच घरी परते. कार्टर मंडळी परत जाऊन शेताच्या कामाला लागली आणि त्यांची पहिली तबकडी बाजारात आली ती नोव्हेंबरात. स्वतःला ऐकून स्वतःत दुरुस्ती करण्याची सवय ज्यांना मुळी लागलेलीच नाही, अशा माणसांचे हे आवाज आहेत. आपण आज मुलाच्या वाढदिवसाचा व्हिडिओसुद्धा तीनदा पाहून मग पाठवतो.

दुसरे कारण मायक्रोफोन. १९२५ पूर्वी कर्ण्यात गावे लागे, म्हणजे जवळजवळ ओरडावेच लागे. आपल्याकडच्या अगदी जुन्या तबकड्यांतले आवाज असे ताणलेले का वाटतात, त्याचे एक कारण तेच आहे. विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि स्वयंपाकघरात बसून जसे गातात तसे गाणे मेणावर उतरू शकले. सेरा कार्टर दोन-चार वर्षे आधी आली असती, तर हा आवाज असा कधीच मिळाला नसता. आणि तिसरे कारण म्हणजे तीन मिनिटे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण एवढेच गाणे बसे. समुद्रापलीकडून आलेली दीर्घ कथागीते, जी परसात बसून वीस-पंचवीस कडव्यांपर्यंत चालत, ती या मापात बसवताना मधलीच कडवी गळाली. त्यामुळे प्रियकर जातो, आणि पुढच्या ओळीत थडगे येते. मधे काय झाले हे कुणी सांगत नाही. ही तूट मुद्दाम कुणी योजलेली नाही. पण ऐकणारा ती आपल्या जवळचे काही घालून भरतो.

शब्दांचेही तसेच. कार्टर कुटुंबाचे सर्वांत गाजलेले एक गाणे १८६० च्या सुमारास छापल्या गेलेल्या एका शहरी दिवाणखानी गीतावरून आलेले आहे. तोंडातोंडी दोन पिढ्यांचा प्रवास करून ते डोंगरात पोचले तोवर त्यातले शब्द इतके झिजले, की सेरा १९२८ मध्ये ते गाते तेव्हा त्यातल्या एका फुलाचे नाव हे नेमके कोणते फूल, हे सांगता येत नाही. ती ते नाव जराही न अडखळता गाते. आमची आजी आरतीतले काही शब्द वर्षानुवर्षे असेच चुकीचे म्हणत असे आणि दुरुस्त केले तर चिडत असे. अर्थ हरवलेला शब्द इतक्या खात्रीने गाता येतो, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

सेराच्या आवाजाविषयी लिहायचे तर काय लिहायचे? तो खालच्या पट्टीतला आहे, गोड नाही. त्यात कंप जवळजवळ नाही. आई मेली, प्रियकर बुडाला, पोर भटकत गेले, हे सगळे ती एकाच तऱ्हेने सांगते, जशी शेजारीण कुंपणापलीकडून बातमी सांगते. शब्दावर जोर नाही, हुंदका नाही, ओळीच्या शेवटी सूर लांबवून आळवणे नाही. तिच्या मांडीवर ऑटोहार्प आहे, खटके दाबून सूरमेळ काढायचे ते पेटीवजा तंतुवाद्य. आणि शेजारी मेबेल गिटारच्या जाड तारांवर अंगठ्याने चाल वाजवते आणि त्याच हाताच्या बोटांनी बारीक तारांवर ठेका धरते. एकाच गिटारीतून दोन माणसांचे काम. जगभरचे गिटारवादक पुढे हा हात शिकले. ए. पी. मधेच एखाद्या ओळीत खालच्या सुरात मिसळतो आणि मधेच गप्प होतो. त्याला एका जागी उभे राहणे जमत नसे. प्रथम ऐकताना मला ही ध्वनिमुद्रणातली चूक वाटली होती. आता वाटते, घरात माणूस असा वावरतो: ये-जा करतो, चालता चालता दोन शब्द बोलतो.

दुःखाच्या गाण्यात गाणाराच रडू लागला की ऐकणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही, असे माझे मत हळूहळू बनले आहे. सेरा रडत नाही, आणि म्हणून ऐकणाऱ्याचे काही खरे नसते. जात्यावरच्या ओवीची आठवण येथे होणे मराठी माणसाला अटळ आहे. माहेर तुटल्याची ओवी आणि विठ्ठलाची ओवी यांची चाल जात्यावर बसलेल्या बाईपुरती एकच असते. हात थांबत नाही, पीठ पडत राहते, आणि त्या एकसुरी लयीतून एखादी ओळ अशी येते की पलीकडच्या खोलीत झोपेचे सोंग घेतलेला माणूस जागा होतो. ही दोन गाणी सारखी आहेत असे मी म्हणत नाही. ओवी कुणी विकली नाही आणि तिला कुणी ५० डॉलर दिले नाहीत. पण मावशीने ओळखले ते हेच असावे.

येथे थोडे थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे सारे फारच निर्मळ वाटेल. राल्फ पीअर गाण्यांचे प्रकाशनहक्क स्वतःकडे ठेवत असे आणि त्यातूनच तो श्रीमंत झाला. ए. पी. डोंगरदऱ्यांतून लोकांची गाणी गोळा करी आणि ती तबकडीवर त्याच्या नावाने निघत. या भटकंतीत त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे, सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गमावलेला. ए. पी. शब्द लिहून घेई आणि चाल रिडल डोक्यात ठेवी. मेबेलच्या वादनावरही त्याचा परिणाम झाला. तबकडीवर त्याचे नाव नाही. कंपन्यांच्या याद्याच वेगवेगळ्या होत्या: गोऱ्या गायकांची 'हिलबिली' गाणी एकीकडे, काळ्या गायकांची 'रेस रेकॉर्ड्‌स' दुसरीकडे. डोंगरात मात्र ती गाणी एकमेकांच्या ओसरीवर ऐकून शिकलेली होती. हे कळल्यावर मला ती गाणी कमी आवडू लागली नाहीत. पण गिटार ऐकताना आता रिडलही आठवतो.

कार्टर मंडळी गेल्यावर दोनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, त्याच खोलीत जिमी रॉजर्स एकटा उभा होता. त्याच्या साथीदारांनी आदल्या रात्रीच त्याची साथ सोडली होती. रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार, होता आणि १९२४ मध्ये त्याला क्षय झाल्याचे निदान झाले होते. त्याच्या गाण्यात मधेच आवाज तुटून वरच्या पट्टीत उडी मारतो, त्या यॉडलमुळे तो देशभर गाजला. १९३१ मध्ये त्याने आपल्याच क्षयावर गाणे केले, आणि त्यातही तो जवळजवळ थट्टेच्या सुरात गातो. १९३३ च्या मे महिन्यात न्यू यॉर्कला शेवटचे मुद्रण झाले, तेव्हा दोन गाण्यांच्या मधे त्याला खाटेवर पडून राहावे लागे. २४ मे रोजी ते काम संपले आणि २६ मे रोजी तो हॉटेलात वारला. वय ३५. ती शेवटची गाणी ऐकताना मी श्वासाकडे कान लावून बसतो, आणि श्वास ऐकू येत नाही. लबाड माणसाने तो असा लपवला आहे.

या रॉजर्सची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. त्याच्या तबकड्या पूर्व आफ्रिकेत पोचल्या. ह्यू ट्रेसी हा संगीतसंग्राहक १९५० मध्ये केनियात किप्सिगिस लोकांची गाणी मुद्रित करत होता, तेव्हा तेथल्या मुलींनी त्याला 'चेमिरोचा' या कुणाविषयीचे एक गाणे ऐकवले. हा चेमिरोचा म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा हरीण. नाव पुन्हा सावकाश म्हणून पाहावे: जिमी रॉजर्स. तेव्हा कराडमध्ये तूरडाळ निवडताना सेरा कार्टर ऐकणाऱ्या माझ्या मावशीचे प्रकरण काही जगावेगळे नव्हे.

पुढच्या पिढीतल्या हँक विल्यम्स या गायकाविषयी वेगळा लेखच लिहावा लागेल. तो १ जानेवारी १९५३ रोजी २९ व्या वर्षी मोटारीच्या मागच्या सीटवर मेला आणि त्याच्या आवाजात रडे आहे, हे मान्य करूनही तो मला आवडतो, म्हणजे माझा वरचा सिद्धांत काही पक्का नाही. मात्र पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलमध्ये, म्हणजे या संगीताचा धंदा जेथे एकवटला त्या टेनेसीतल्या शहरात, व्हायोलिनांचे ताफे आणि मागे मऊ आवाजात 'आऽऽ' करणारे गायकवृंद आले, तेथे माझे या संगीताशी असलेले नाते बरेचसे संपते. त्या गाण्यांत दुःखाला सोफ्यावर बसवलेले असते.

आता खरखर. या तबकड्या लाखेच्या, आणि त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश म्हणजे हिंदुस्थान. छोटा नागपूरच्या जंगलात कुसुम, पळस आणि बोरीच्या फांद्यांवर कीटक जी लाख धरतात, ती खरवडून, धुऊन, वितळवून पुढे बोटीने जाई. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा आटला, तेव्हा अमेरिकेत नव्या तबकड्यांसाठी जुन्या तबकड्या गोळा करून वितळवाव्या लागल्या. नुसत्या लाखेची तबकडी होत नाही. तीत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळत. ही भुकटी मुद्दाम खरखरीत ठेवलेली असे, म्हणजे पोलादी सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी. आपण जी खरखर ऐकतो, ती बरीचशी या दगडाची. आजोबांच्या फोनोच्या डब्यावर होता तोच कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा व्हिक्टरच्या तबकड्यांवर होता, आणि दोन्ही तबकड्यांत आपल्याकडच्या आदिवासींनी झाडावरून काढलेली लाख होती. पुअर व्हॅलीचा आणि माझा संबंध काय, असे कुणी विचारले तर निदान एवढे दाखवता येते.

अलीकडे संगणकावर ही खरखर पुसून स्वच्छ केलेल्या आवृत्त्या मिळतात. चांगल्या हाताने केलेले काम मला मान्य आहे. पण पुष्कळदा खरखरीबरोबर खोलीही पुसली जाते. घोंगड्यांनी दबलेली ती माडी, सेरा ओळ संपवून श्वास घेते ती जागा, सगळे जाते, आणि उरतो तो कापसात गुंडाळलेला आवाज. मी एकाच गाण्याच्या अशा दोन आवृत्त्या लागोपाठ ऐकून पाहिल्या आहेत. स्वच्छ आवृत्तीत बाई जवळ येते आणि खोटी वाटते.

नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षे नॉर्थ कॅरोलायनात होतो, तेव्हा एकदा ब्रिस्टलला जाऊन आलो. ती इमारत आता नाही. तेथून पुढे पुअर व्हॅलीत, ए. पी.च्या जुन्या दुकानाशेजारी त्याच्या मुलीने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या गाण्याच्या जागी दर शनिवारी मैफल असते आणि वाद्ये विजेवर चालणारी नसतात. आमच्या पुढच्या रांगेतल्या सत्तरीच्या एक बाई गाणे सुरू होताच पर्स खुर्चीवर ठेवून उठल्या, बुटांच्या लोखंडी नालांनी लाकडी जमिनीवर ठेका धरला आणि गाणे संपताच चेहऱ्यावरची रेषाही न हलवता परत येऊन बसल्या. सेराच्या गाण्यातला तोच चेहरा.

सेरा आणि ए. पी. यांचे पुढे जमले नाही. तो महिनोन्‌महिने गाणी शोधत बाहेर. ती घरी, लाकडे, पाणी, मुले. १९३३ च्या सुमारास ती वेगळी झाली. नंतर घटस्फोट झाला, तरी १९४१ पर्यंत तिघे एकत्र मुद्रण करत राहिले. १९३९ मध्ये मेक्सिकोच्या हद्दीतल्या एका प्रचंड ताकदीच्या रेडिओ केंद्रावरून गाताना सेराने एक गाणे कॅलिफोर्नियातल्या कॉय बेज या माणसाला उद्देशून म्हटले. तो ए. पी.चा नात्यातला भाऊ; त्याच्या घरच्यांनी त्याला घेऊन गाव सोडले होते. त्याने ते ऐकले आणि तो आला. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. ए. पी.ने दुसरे लग्न केले नाही. खोऱ्यात दुकान चालवत राहिला आणि १९६० मध्ये वारला. सेरा १९७९ मध्ये गेली आणि तिला पुरले ते मेसेस स्प्रिंगच्या त्याच दफनभूमीत.

मावशीला मी जे गाणे ऐकवत होतो, ते २ ऑगस्टच्या सकाळचे. त्यात लग्न न झालेली मुलगी नटूनथटून हवे तिकडे जाते आणि लग्न झालेली पाळणा हलवत बसते, एवढेच आहे. सेराला ते गायचे नव्हते, तिला ते आवडत नसे. पीअरने आग्रह केला म्हणून गायली. त्या सकाळी ए. पी. आलाच नव्हता. म्हणून या गाण्यात पुरुषाचा आवाज नाही. दोघी जावा, एक गिटार, एक ऑटोहार्प.

हे सगळे मी मावशीला सांगितले. मोटार, मक्याची खुरपणी, पन्नास डॉलर, मेबेलचा आठवा महिना. तिने ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "आणि तान्हं कुणापाशी ठेवलं होतं?"

"थोरल्या मुलीपाशी. आठ वर्षांची होती. ती घेऊन बाहेर थांबली होती."

मावशीने सूप पाखडले, फोल उडाले. "तरीच," ती म्हणाली. "कुठं थांबत न्हाई ती."